आण्णाप्पा मगदूमच्या दोन सुट्ट्या

“आण्णाप्पा मगदूम, फिटर. त्यास्नी सुट्टी कंच्या वारी असती?”

टाइम ऑफिसच्या खिडकीतून हा प्रश्न आला तेव्हा मी हजेरीपुस्तकात मंगळवारच्या खुणा करत होतो. मान वर केली तर तिशी-पस्तिशीची एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात काही नाही. नुसता प्रश्न घेऊन आलेली.

“आपण कोण?”

“मी आक्काताई. त्यांची बायकू.”

आमच्या भागात त्या काळी बाई नवऱ्याचं नाव दोनच ठिकाणी घ्यायची. उखाण्यात आणि पोलीस चौकीत. माझी खिडकी उखाण्याची नव्हती, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि माझ्या पुस्तकावर माझा फार विश्वास होता. मी ते उलटं करून तिच्याकडे सरकवलं.

“सोमवार, वैनी. हे बघा, दर सोमवारी लाल शाईत ‘सुट्टी’.”

“काल सोमवार हुता.”

“होता.”

“काल पावणेसहाला डबा घिऊन गेल्यात. रातच्याला नऊला आल्यात. डबा रिकामा.”

आण्णाप्पा काल कुठे होता ते मला पक्कं माहीत होतं. पण ते बाहेरच्या कुणाजवळ बोलायची मला मनाई होती.

“कामानिमित्त गेले असतील,” मी म्हणालो. सुट्टीच्या दिवशी कामानिमित्त. नोकरीत मी बरीच निरुपयोगी वाक्यं बोललो, पण हे त्यात पहिलं येईल.

“बरं. आन शुक्कीरवारी?”

“शुक्रवारी काय?”

“आमी नव्या चाळीत ऱ्हायला आलोय. डाव्या अंगाला पोवार, उजव्या अंगाला नाईकवडी. तिघंबी तुमच्याच मालकाकडं. पोवार सोमवारी घरात असतोय, नाईकवडी शुक्कीरवारी. पोवाराची म्हणती सुट्टी सोमवारी, नाईकवड्याची म्हणती शुक्कीरवारी. दोघी भांडल्या, मी मधी. आमचं माणूस सोमवारीबी डबा घिऊन जातंय आन शुक्कीरवारीबी. तीन वर्सं मी म्हणत हुते, कारखान्यानं सुट्ट्याच बंद केल्या असतील. आता तुमीच सांगा भाऊसाहेब. सोमवारी कुणाकडं आन शुक्कीरवारी कुणाकडं? एकच हाय का दोन हायत?”

ती रडत नव्हती. भाजीवाल्याला विचारावं तसं तिनं विचारलं.

“तसं काही नाही हो, वैनी.”

“मग कागद दावा. तोंडी नगं. उद्या दुपारपतोर दावा, न्हाईतर चारची गडहिंग्लज गाडी हाय. पोरींस्नी घिऊन म्हायेरी जाते. एकदा गेले की परत यायची न्हाई.”

आणि ती गेली. मी उलटं झालेलं पुस्तक सुलट केलं. त्यात आण्णाप्पा मगदूम काल सुट्टीवर होता.

आता हे प्रकरण नीट सांगायला हवं. तेव्हा ते मलाही नीट समजलं नव्हतं.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या बाहेरच्या औद्योगिक वसाहतीत होता. कारखाना म्हणजे खरं तर दोन. मधून चाळीस फुटी रस्ता. रस्त्याच्या अलीकडे मालकांच्या नावावरचा, तिथे पंपाची लोखंडी अंगं ओतत. पलीकडे मालकीणबाईंच्या नावावरचा, तिथे ती लेथवर कातून गुळगुळीत करत. विजेची टंचाई होती, म्हणून वसाहतीतल्या कारखान्यांनी आळीपाळीनं बंद राहायचं असं ठरलेलं. अलीकडचे सोमवारी बंद, पलीकडचे शुक्रवारी. हद्द नेमकी आमच्या रस्त्यातून गेलेली.

दोन्हीकडे एकेक कॉम्प्रेसर होता. हवेच्या दाबावर सगळी हत्यारं चालायची. दोन्ही कॉम्प्रेसर कुठल्या तरी लिलावातून आणलेले, आणि त्यांचा स्वभाव फक्त आण्णाप्पाला कळायचा. पलीकडचा कारखाना सुरू झाला तेव्हा मॅनेजर कानिटकर मला म्हणाले, “सबनीस, आण्णाप्पाचं तिकडंही एक कार्ड काढा. तात्पुरतं.” मी काढलं. अलीकडे त्याचा नंबर एकशेचौदा, पलीकडे सदतीस. अलीकडे सोमवारी लाल शाई, पलीकडे शुक्रवारी लाल शाई. सोमवारी अलीकडे बंद म्हणून तो पलीकडे जायचा, शुक्रवारी पलीकडे बंद म्हणून अलीकडे यायचा. मधल्या दिवशी जिथं बिघडेल तिथं, वर रोजचा दोन-तीन तास ओव्हरटाइम. दोन्ही पुस्तकं मीच लिहायचो आणि दोन्ही निर्मळ होती. दोन्ही कधी एका टेबलावर आली नव्हती, कारण अलीकडचं पुस्तक रस्ता ओलांडणार नाही असा कानिटकरांचा कडक नियम होता.

आक्काताई गेल्यावर मी आण्णाप्पाला गाठलं. तो कॉम्प्रेसरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. चाळिशीचा, रुंद हाडाचा, शांत माणूस. यंत्राशी बोलायचा तेवढंच माणसांशी बोलायचा, म्हणजे कमी.

“आण्णाप्पा, सोमवारी तुम्ही पलीकडे असता हे घरी सांगितलं नाही का?”

“सांगितलं की.”

“काय सांगितलं?”

“म्हटलं, सोमवारी मला सुट्टी असती, म्हणून मी पलीकडं जातो.”

“मग?”

“ती म्हणाली, सुट्टी असती तर घरात का न्हाई? म्हटलं, घरात कशाला, तिकडं काम असतंय.” त्यानं हात बाहेर काढून चिंधीला पुसला. “तिला पटंना.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

“आण्णाप्पा, तुम्हाला सुट्टी मिळते असं तुम्हाला वाटतं?”

“हप्त्याला दोन,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून जरा ओशाळला. “पोवार-नाईकवड्यास्नी एकच हाय. म्हणून मी कुणाजवळ बोलत न्हाई. तुमीबी बोलू नका.”

मी त्याला समजावायला गेलो. म्हणालो, सुट्टी म्हणजे काम नसतं तो दिवस. तो म्हणाला, बरोबर, सोमवारी अलीकडं कामच नसतंय. मी म्हणालो, पण तुम्ही काम करता. तो म्हणाला, अलीकडं न्हाई करत. मी म्हणालो, पलीकडे करता. तो म्हणाला, पलीकडं सोमवारी सुट्टीच न्हाई, तर करायला नको? पाच मिनिटांनी दोघांपैकी कोण चुकतंय ते मला सांगता येईना. शेवटी मी मुद्द्यावर आलो.

“तुमची मंडळी उद्या माहेरी निघालीय. परत न येण्यासाठी.”

चिंधी त्याच्या हातातच राहिली. “पोरींस्नी घिऊन?”

“हो.”

“का?”

हे मी त्याला सांगितलं. त्यानं चिंधी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, “दोन बायका? मला येळ कुटला?”

हाच मुद्दा घेऊन मी कानिटकरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर एक पत्र होतं आणि कपाळाला बाम होता. फॅक्टरी इन्स्पेक्टर गुरुवारी तपासणीला येणार होते.

“साहेब, त्या बाईंना दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवली की मिनिटात मिटेल.”

“सबनीस, आठवड्याला एक सुट्टी आणि बदली करून दिली तरी सलग दहा दिवसांवर काम नाही, असा कायदा आहे. आपल्या पुस्तकात सलग किती आहेत?”

“सहा.”

“दुसऱ्या पुस्तकात?”

“सहा.”

“सहा हे दहापेक्षा कमी आहेत ना?”

“पण माणूस एकच आहे, साहेब.”

“ते पुस्तकात कुठं दिसतं?” कानिटकर म्हणाले. “आणि आज बाईंना दाखवलंत, की परवा सगळ्या चाळीला माहीत. इन्स्पेक्टर काय बहिरे आहेत? बाईंना नक्की काय वाटतंय?”

“दुसरी बाई आहे असं.”

कानिटकरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग वाटू दे की. दुसरी बाई फॅक्टरी कायद्यात कुठं बसत नाही.”

त्यांनी आण्णाप्पाला बोलावून घेतलं. त्याला खुर्ची दिली. खुर्ची मिळाल्यावर तो घाबरला.

“आण्णाप्पा, कारखान्यासाठी एक करा. गुरुवारपर्यंत घरी कबूल करून टाका.”

“काय कबूल करू, सायेब?”

“हेच, की आहे एक.”

आण्णाप्पानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

“कोण म्हणून सांगू?”

“नाव नका सांगू. इन्स्पेक्टर गेले की मी स्वतः येऊन वहिनींना सांगेन, की तसं काही नव्हतं.”

“एक सांगू का दोन? तिला दोन वाटत्यात.”

“एक पुरे,” कानिटकर म्हणाले. सवलत दिल्यासारखे.

आण्णाप्पा उठला. अठरा वर्षं त्यानं या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. दारापर्यंत जाऊन तो थांबला. “इचारून सांगतो.”

“कुणाला विचारून?”

“घरात.”

बुधवारी बाराच्या ठोक्याला आक्काताई फाटकापाशी हजर. पायाशी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर दोन मुली बसलेल्या, वेण्या घालून, नवे परकर नेसून. धाकटीला आपण जत्रेला निघालोय असं वाटत होतं. थोरलीला तसं वाटत नव्हतं. ती कारखान्याच्या दाराकडे बघत होती.

मी बाहेर आलो. आक्काताई म्हणाली, “काल रातीला मला काय इचारत्यात ठावं हाय? ‘मी दुसरी बाई ठिवलीया असं सांगू का?’ म्हटलं, सांगा. तर म्हणत्यात, ‘कोण ते अजून ठरलं न्हाई, उद्या सायेबास्नी इचारतो.’ भाऊसाहेब, मी तेरा वर्सं नांदली ह्या माणसासंगं. ह्याला खोटं येत न्हाई. पण खरं काय ते बी ह्याला सांगता येत न्हाई. कागद हाय का?”

“आहे,” मी म्हणालो. “पण तो अर्धा इथं आणि अर्धा पलीकडे आहे.”

मी आत गेलो. अलीकडचं हजेरीपुस्तक उचललं, कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बगलेत मारलं. कानिटकर जेवायला गेले होते. माझ्या धैर्याबद्दल तुमची फार चांगली समजूत होऊ नये म्हणून सांगतो, ते जेवायला गेल्याची मी आधी खात्री करून घेतली होती.

आक्काताईनं ट्रंक उचलली आणि मुलींसकट माझ्यामागून रस्ता ओलांडला. पलीकडच्या शेडमध्ये दाराशीच माझं छोटं टेबल होतं. त्यावर मी दोन्ही पुस्तकं उघडून शेजारी ठेवली. आक्काताई चौथीपर्यंत शिकलेली. ती बोट ठेवून वाचू लागली. इकडे सोमवारी लाल, तिकडे सोमवारी हजर. इकडे शुक्रवारी हजर, तिकडे शुक्रवारी लाल. तिनं पान मागे उलटलं. मग आणखी मागे. दोन्ही हातांनी दोन्ही पुस्तकं एकदम उलटत ती गेल्या वर्षात गेली, त्याच्या आदल्या वर्षात गेली. गणपतीत हजर. पंधरा ऑगस्टला सगळं बंद, आणि यंत्रं बंद असली की दुरुस्ती चांगली होते म्हणून आण्णाप्पा हजर. थोरल्या मुलीनं ट्रंकेवरून येऊन आईच्या कोपराखालून डोकं घातलं.

“म्हंजे कुटंच जात न्हाईत,” आक्काताई म्हणाली.

“नाही.”

“सोमवारी हितं, शुक्कीरवारी तितं.”

“हो.”

मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. घडलं भलतंच. तिनं दोन्ही पुस्तकं मिटली आणि त्यांच्यावर हात ठेवला.

“दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “तिनं कवातरी घरी लावून दिला असता.”

मी गुंडाळीचं वर्तमानपत्र घडी करायला घेतलं.

“ह्यात सुट्टी कोण लिवतंय?” तिनं विचारलं.

“मी.”

“तुमीच?” तिनं मला पहिल्यांदा नीट बघितलं. “मग दोन्हीकडं एकच वार लिवा. उद्याचा.”

“उद्या गुरुवार आहे, वैनी. गुरुवारी कुठलीच सुट्टी नाही.”

“म्हणून तर गुरवार. सोमवार-शुक्कीरवारचा मला भरवसा न्हाई आता.”

मी लाल शाईची दौत उघडली. अलीकडच्या पुस्तकात एकशेचौदापुढे लिहिलं, ‘सुट्टी’. पलीकडच्या पुस्तकात सदतीसपुढे लिहिलं, ‘सुट्टी’. तिनं दोन्ही वाचून घेतली, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि ट्रंक उचलून मुलींना म्हणाली, “चला, घरला.” धाकटी रडायला लागली. तिची जत्रा गेली होती.

गुरुवारी इन्स्पेक्टर भोंडवे आले. बारीक, मृदू आवाजाचे गृहस्थ. चहा घेतला नाही, यावरूनच कानिटकरांनी ओळखायला हवं होतं. अलीकडचं पुस्तक उघडून त्यांनी आजच्या रकान्यावर पेन्सिल ठेवली.

“आज एकशेचौदाला सुट्टी?”

कानिटकरांना हे नवीन होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “घरगुती अडचण,” ते म्हणाले.

भोंडव्यांनी नाव टिपून घेतलं. रस्ता ओलांडला. पलीकडचं पुस्तक उघडलं आणि पेन्सिल पुन्हा थांबली.

“इथंही आण्णाप्पा मगदूम. तेही आज सुट्टीवर?”

“योगायोग आहे, साहेब. मगदूम इकडे फार.”

“आण्णाप्पाही फार?”

“बऱ्यापैकी.”

“आणि दोघांनाही आजच घरगुती अडचण.” भोंडवे विचारात पडल्यासारखे दिसले. “दोघांची बायको एकच आहे का?”

कानिटकरांनी तोंड उघडलं. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर वेगळी पंचाईत. “साहेब, दोघांची म्हणजे त्यांची… एकेकच,” ते म्हणाले आणि बसले.

“अलीकडचं पुस्तक इकडं आणता का?” भोंडवे मला म्हणाले.

मी आणलं. वाट आता पायाखालची होती.

त्यांनी काल आक्काताईनं उलटली तशीच पानं उलटली, फक्त सावकाश. ओव्हरटाइमचे आकडे एका कागदावर उतरवले. मग मला विचारलं, “सलग सगळ्यात जास्त किती?”

“एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत, साहेब. तीनशे साठ.”

“मर्यादा दहाची आहे.”

“आम्हाला साधारण कल्पना होती,” कानिटकर म्हणाले.

“बदली सुट्ट्या द्याव्या लागतील. दोन महिन्यांच्या आत.”

कानिटकरांना अंधुक आशा दिसली. “साहेब, त्या दीडशेच्या वर होतात. दोन महिन्यांत दिवसच साठ.”

“मग साठ द्या,” भोंडवे म्हणाले. “बाकीच्यांचं मी वर लिहितो.”

दुसऱ्या दिवशी कानिटकरांनी मला बोलावून खुर्ची दिली. खुर्ची मिळाल्यावर मीही घाबरलो. “सबनीस, तुम्ही थकलेले दिसता. तुम्हीही जरा विश्रांती घ्या.” मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कळवतो. याला आता छत्तीस वर्षं झाली. तेवढ्यात मी दुसऱ्या तीन नोकऱ्या करून निवृत्त झालो, पण ते कळवायचे राहिले आहेत.

महिनाभरानं सकाळी भाजी मंडईत ती दोघं भेटली. आण्णाप्पा पिशवी धरून उन्हात उभा होता आणि भेंडीच्या ढिगाकडे असा बघत होता, जणू तो कुठून उघडतात ते शोधतोय. आक्काताईनं मला आधी बघितलं.

“भाऊसाहेब, नोकरी गेली म्हणं तुमची.”

“विश्रांती आहे,” मी म्हणालो. “कसं काय चाललंय, आण्णाप्पा?”

“सुट्टी हाय,” तो म्हणाला. जरा थांबून त्यानं खात्री करून घेतली. “दोन्हीकडं.”

“पहिल्या गुरवारी नुसतं निजले,” आक्काताई म्हणाली. “सकाळधरनं दिवस मावळंपतोर. जेवायलाबी उठले न्हाईत. मी आपली शेजारी बसून. खिडकीतनं ऊन आलं ते त्यांच्या डोक्यावर पडलं. बगते तर कानापाशी सगळं पांढरं. अंधारात जायाचं, अंधारात यायाचं, आन बल्बाच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतंय. तीन वर्सांत मला कळालंच न्हाई, भाऊसाहेब.”

आण्णाप्पानं पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कानापाशी नेला.

“मलाबी न्हाई कळालं,” तो म्हणाला.